एमसीबी कोणाला वाचवते?

वेड पांघरून पेडगावला जाणारे श्रीगोंद्याच्या पेडगावला जातात, असे मानतात. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले. पण म्हणीवर थोडा हक्क आमचाही आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणून चिनीमातीच्या किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळणारा माणूस अडाणी नसतो, त्याला सगळे कळत असते. आता किटकॅट गेले, एमसीबी आली. पण १६ची काढून ३२ची बसवायची, ही युक्ती तीच.

एमसीबी ही मुळात तारेची राखणदार. जर्मनीत मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीत १९२४च्या सुमारास तिचा आजचा घाट ठरला. आत दोन व्यवस्था असतात. जादा प्रवाहाने दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. याला वेळ लागतो. शॉर्टसर्किट झाले तर तारेच्या वेटोळ्याचे चुंबक तेच काम क्षणात करते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. म्हणून एमसीबी तारेची जाडी पाहून निवडायची, कूलर किंवा मोटर पाहून नव्हे.

आणि माणूस? मे महिन्यात पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरतो, खाली फरशी ओली. अंगातून १५० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो शंभरावा हिस्साही नाही. ती ढिम्म हलत नाही.

अर्थिंग आहे ना, असे लोक म्हणतात. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते, रोध वाढतो. तो १० ओहम धरला तरी २३० व्होल्टला २३ अँपिअरच जमिनीत जातील, आणि तेवढ्यावर १६च्या एमसीबीला पडायला तासभरही लागू शकतो. तोवर कूलरचा पत्रा जिवंतच. कूलर लागतो तेव्हाच अर्थिंग सुकते, हा आमच्याकडचा खरा पेच.

इथे कामाची ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परततो का, एवढेच ती पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तीही वाचवत नाही. तिच्या लेखी तो एक बल्बच. तिच्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते, ते कोणी दाबत नाही.

‘सारखी पडते’ म्हणून ती बायपास करण्याची रीत आहे. माझ्याच घरी ती दोन पावसाळे बायपास होती. शेवटी बोर्ड उघडला, तर अंगणातल्या दिव्याचा न्यूट्रल कोणीतरी अर्थिंगच्या तारेला जोडलेला निघाला. सोडवायला दहा मिनिटे लागली.