हुकलेल्या जेवणाचं वजन

दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवरून घरी आलेल्या पोरांना दोनच शेरे ऐकावे लागतात : ‘किती वाळलास रे’, नाहीतर ‘चांगलाच सुटलास की!’ दुसऱ्या शेऱ्यापाठोपाठ निदानही तयार असतं. मित्रांची संगत, बाहेरचं अरबट-चरबट आणि रात्रीची जागरणं. या निदानातला जागरणाचा भाग खरा आहे, बाहेरच्या खाण्याचा अर्धा खरा आहे आणि संगतीचा बव्हंशी खोटा. कॉलेजच्या वयात वजन वाढतं, कारण दिवसातलं निदान एक धड जेवण हुकतं आणि झोप तुटते. कट्ट्यावर, टपरीवर, गाडीवर जे खाल्लं जातं ती त्या हुकलेल्या जेवणाची भरपाई असते, आणि भुकेल्या पोटी केलेली भरपाई क्वचितच मापात राहते. हे मान्य केलं तर उपायही बदलतो. मित्र सोडायची गरज उरत नाही, जेवणाची वेळ धरायची गरज उरते.

आधी वजन वाढतं तरी किती, ते पाहू. अमेरिकेत ‘फ्रेशमन फिफ्टीन’ नावाची समजूत आहे : कॉलेजच्या पहिल्या वर्षात पंधरा पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो वजन वाढतंच. १९८९ मध्ये ‘सेव्हन्टीन’ या मुलींच्या मासिकानं ती मुखपृष्ठावर आणली आणि तिला पाय फुटले. प्रत्यक्षात अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१५ मध्ये पाहिलं, तेव्हा पहिल्या वर्षातली सरासरी वाढ दीड किलोच्याही आत निघाली. ज्यांचं वजन खरोखर वाढलं त्यांचीही सरासरी साडेतीन किलोच्या आसपास होती. आणखी एक गोष्ट २०११ च्या अमेरिकी विश्लेषणातून पुढे आली. कॉलेजात न गेलेल्या त्याच वयाच्या तरुणांचं वजनही जवळपास तेवढंच वाढलं होतं. फरक होता जेमतेम पाव किलोचा. म्हणजे कॉलेजच्या वातावरणावर सगळं खापर फोडता येत नाही. आईच्या हातचं ताट सुटतं आणि कधी, काय, किती खायचं हे पहिल्यांदाच स्वतः ठरवावं लागतं, ते हे वय आहे.

दीड किलोनं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. गोऱ्या अमेरिकनाचं कदाचित फारसं बिघडत नसेल, पण आपली गोष्ट वेगळी आहे आणि ती पुण्यातच सिद्ध झालेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी असलेलं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून जाड असू शकतो, हे त्या एका चित्रानं जगाला सांगितलं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, २५ ची वाट पाहत नाहीत. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात तेही याचसाठी. आपल्याकडे दीड किलो बहुधा पोटावरच बसतात. एकोणिसाव्या वर्षी जीन्सचा पट्टा एक भोक पुढे सरकला, तर काट्यावरच्या आकड्यापेक्षा त्याची दखल आधी घ्यावी.

आता जेवण हुकतं कसं ते बघा. पुण्यातल्या मेसवर जेवणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. सकाळी साडेसातचं लेक्चर, म्हणून पोटात फक्त चहा आणि क्रीमरोल. अकराला कॅन्टीनमध्ये वडापाव. दुपारी प्रॅक्टिकल लांबतं आणि मेसची वेळ टळते. खाडा आधी कळवलेला नसतो, त्यामुळे त्या जेवणाचे पैसे गेलेलेच. संध्याकाळी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तालीम. दिग्दर्शकाचा एक प्रवेश मनासारखा बसेपर्यंत साडेदहा होतात, तोवर मेसमधली भांडी घासून पालथी पडलेली असतात. मग अख्खी टीम भुर्जीच्या गाडीवर. डबल भुर्जी, तव्यावर मस्का लावून शेकलेले चार-पाच पाव, वर कुणाच्या तरी ताटातलं आम्लेट आणि शेवटी कटिंग. यात भुर्जी बिचारी निर्दोष आहे, उलट दिवसभरात त्या पोराच्या पोटात गेलेलं हेच काय ते प्रथिन. जास्तीचा भार पडतो तो पाव आणि मस्क्याचा, आणि तो पडतो दुपारपासूनच्या उपाशी पोटामुळे. याच पोरानं आठ वाजता मेसमध्ये दोन पोळ्या, उसळ, वरण-भात खाल्ला असता, तर त्याच गाडीवर, त्याच मित्रांबरोबर तो कटिंग पीत उभा राहिला असता आणि फार तर दोन घास दुसऱ्याच्या प्लेटमधले उचलले असते.

रात्री उशिरा जेवण्याचा तोटा नुसता भुकेचा नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १६ जणांना तेच अन्न, तेवढंच अन्न, फक्त सुमारे चार तास उशिरा देऊन पाहिलं. भूक वाढली आणि शरीर ऊर्जा खर्च करायला किंचित कचरू लागलं. झोपेचं तर काय सांगावं! शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. २०२२ मध्ये तिथल्याच एका प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना झोप वाढवायला शिकवलं. आहाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांची झोप तासाभरानं वाढली आणि खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी आपोआप कमी झालं, म्हणजे जवळजवळ एक वडापाव. जे पथ्य पाळून साधत नाही ते झोपून साधतं, आणि तरीही सबमिशनच्या आदल्या रात्री जागण्याला आपल्याकडे अजून मेहनत म्हणतात.

इथे संगतीला दोष देणारे एक भक्कम पुरावा पुढे करतील, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. जॉन द कॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात लोकांकडून खाण्याच्या रोजनिश्या लिहून घेतल्या. इतरांबरोबर घेतलेलं जेवण एकट्यानं घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं निघालं, आणि माणसं वाढली तसं खाणंही वाढत गेलं. मग मित्रच नकोत, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. चारचौघांत जेवण लांबतं, म्हणून जास्त जातं. वेळ लांबण्याचा परिणाम पोट रिकामं असताना जसा होतो तसा भरलेलं असताना होत नसावा. शिवाय माणूस सोबत्याकडे बघून खातो हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. समोरचा कमी खाणारा असला की आपलाही हात आखडतो, असंही प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. गटातल्या दोघांनी ‘आम्ही जेवून आलोय’ म्हटलं की ऑर्डर बदलते. आणि अठराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाला कट्टा तोडायला सांगणं हा आरोग्याचा सल्ला होऊच शकत नाही. एकटेपणाची किंमत काट्यावर दिसत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. नाश्ता चुकवल्यानं वजन वाढतं ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकानं तेरा चाचण्यांचा आढावा छापला. त्यात नाश्ता करणारेच दिवसाला सुमारे २६० कॅलरी जास्त खात होते आणि न करणाऱ्यांचं वजन किंचित कमी होतं. मग ‘हुकलेलं जेवण’ या माझ्या मुद्द्याचं काय? माझं म्हणणं नाश्त्यापुरतं नाहीच. त्या चाचण्यांतल्या माणसांनी नाश्ता ठरवून सोडला होता, पुढचं जेवण त्यांना वेळेवर मिळणार होतं. सकाळी भूकच लागत नाही, अशा मुलीनं साडेअकराला डबा उघडला तर तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जेवण न ठरवता हुकतं आणि त्याच्या जागी हाताला लागेल ते येतं तेव्हा. हाताला लागतं ते बऱ्याचदा पाकीटबंद असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तितकं खाऊ दिलं. कारखानी पदार्थांच्या पंधरवड्यात ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. बाहेरच्या खाण्याला मी अर्धा दोषी म्हटलं ते यासाठी. मिसळ किंवा इडली-सांबार हेही बाहेरचंच, पण त्यांची गत बिस्किटाच्या पुड्यासारखी नाही. तीनशे मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो पंचवीसच्या आत राहा म्हणते.

जिम लावली की सगळं जिरतं, हा तिसरा आक्षेप मुलांच्या तोंडी हमखास असतो. तासभर झपझप चालून सत्तर किलोच्या माणसाचा जो खर्च होतो तो एका वडापावात भरून निघतो. त्यामुळे वजन उतरवायला व्यायाम हे तोकडं हत्यार आहे. तरीही तो करावाच, कारण याज्ञिकांच्या त्या छायाचित्राचा दुसरा अर्थ असा की आपल्याकडे स्नायूच कमी आहेत. पण स्नायूंना प्रथिनं लागतात आणि मेसच्या ताटात पोळ्या-भात हवा तितका, उसळ मात्र मोजून एक वाटी असते. हजारो रुपयांची पावडर घेण्याआधी रोजची दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, वाटीभर दही यांचा हिशेब मांडून बघावा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलं आहे.

मुलींबाबत मात्र हा सगळा युक्तिवाद सावधपणे मांडायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आणि जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या निघाल्या. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी. ट्रॅडिशनल डेच्या आधी पंधरा दिवस काकडी आणि ब्लॅक कॉफीवर काढणारी मुलगी या ५९ टक्क्यांतलीच असू शकते, आणि तिला ‘छान बारीक झालीस’ अशी शाबासकी मिळते. जेवण हुकवण्याचाच हा दुसरा प्रकार आहे. त्याची भरपाईही गॅदरिंग संपल्यावर तशीच, बेहिशेबी होते.

२०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजच्या आवारात जंक फूडवर बंदी घाला असं विद्यापीठांना कळवलं, २०१८ मध्ये पुन्हा आठवण करून दिली. कॅन्टीनच्या पाटीवरून समोसा पुसला की काम झालं, असा हा विचार. वेळापत्रकात दुपारी पाऊण तास सलग मोकळा ठेवा, तालीमहॉल साडेनऊला बंद करा, असं काही त्यात नाही. मेसनं उशिरापर्यंत जेवण द्यावं म्हटलं, तर मेसवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री अकरापर्यंत थांबणाऱ्या माणसाला वेगळा पगार द्यावा लागतो, आणि महिन्याचे दर शंभर रुपयांनी वाढवले तरी दहा पोरं दुसरी मेस धरतात. पण तालमीच्या पंधरा-वीस जणांचे डबे आधी सांगून साडेसातला हॉलवर मागवायला कुणाच्या पगाराचा प्रश्न येत नाही. पोळी-भाजी, उसळ, झाकणाच्या डब्यात ताक. दिग्दर्शक वीस मिनिटं सोडायला तयार असला तर.