सेवासमाप्तीनंतरची पुनर्नियुक्ती-पात्रता : कायदा, व्यवहार आणि महाराष्ट्रातील अनुभव

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर व लगतचा परिसर चुनखडीच्या साठ्यांमुळे सिमेंट उद्योगाचे केंद्र बनला. गडचांदूर, आवारपूर, उप्परवाही आणि नारंडा येथील कारखान्यांभोवती या भागातील रोजगाराचे विश्व फिरते. त्यांच्या जोडीला कोळसा खाणी, राज्य परिवहन महामंडळ, वनविभाग आणि शिक्षणसंस्था एवढेच काय ते नोकरी देणारे घटक आहेत. मालकांची संख्या इतकी मर्यादित असलेल्या प्रदेशात एका ठिकाणाहून कमी केल्या गेलेल्या माणसाला दुसरीकडे काम शोधायचे म्हणजे बहुधा जिल्हाच सोडावा लागतो. म्हणून 'ज्या मालकाने काढले त्याच्याकडेच पुन्हा कामावर जाता येते काय?' हा प्रश्न येथे केवळ कायद्याचा राहत नाही. तो कुटुंबाच्या स्थैर्याचा प्रश्न होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्यामागील संकल्पना, उपलब्ध मार्ग आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. विवेचनासाठी २०२१-२२ मधील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाचे उदाहरण मध्यवर्ती मानले असून तुलनेसाठी अन्य काही घटनांचा आधार घेतला आहे.

संकल्पनांतील भेद

सर्वसामान्य बोलण्यात 'नोकरीवरून काढले' या एकाच शब्दप्रयोगात अनेक भिन्न कृती सामावतात. त्यांतील भेद लक्षात घेतल्याखेरीज पुनर्नियुक्तीच्या पात्रतेचा विचार होऊ शकत नाही.

निलंबनात सेवा संपत नाही. ती केवळ स्थगित राहते. सेवासमाप्ती ही बहुधा परिवीक्षाधीन, रोजंदार किंवा मुदतीच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत घडते आणि आदेशात दोषारोप नसतो. कामगारकपात आर्थिक कारणाने होते. तीत कर्मचाऱ्याचा दोष गृहीत धरलेला नसतो. 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फी' या मात्र शिक्षा आहेत.

या अखेरच्या दोन शिक्षांतील फरक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांनुसार सेवेतून काढून टाकलेली व्यक्ती शासनाच्या भावी नोकरीस अपात्र ठरत नाही; बडतर्फ केलेली व्यक्ती मात्र सामान्यतः अपात्र ठरते. म्हणजे दोन्ही आदेशांनी आजची नोकरी जाते, परंतु उद्याचे दार एकाच आदेशाने बंद होते. अनेक कर्मचारी आदेशातील हा एक शब्द न वाचताच अपिलाच्या मागे लागतात किंवा अपील करणेच सोडून देतात. वस्तुतः शिक्षा पूर्णतः रद्द होत नसेल, तर बडतर्फीचे रूपांतर सेवेतून काढून टाकण्यात किंवा वेतनवाढ रोखण्यासारख्या अन्य सौम्य शिक्षेत करून घेणे, हेही अपिलाचे मोठे यश ठरू शकते.

दुसरा भेद परत येण्याच्या प्रकारांतील आहे. पुनर्स्थापना म्हणजे जुनी सेवा अखंड मानून त्याच पदावर परत येणे. नव्याने नियुक्ती म्हणजे जुन्या सेवेचा हिशेब मिटवून पहिल्या दिवसापासून सुरुवात करणे. उपदान, सेवाज्येष्ठता, वेतनवाढ आणि रजा यांचे सर्व गणित या भेदावर अवलंबून असते. अठरा वर्षे सेवा झालेला चालक 'नव्याने' घेतला गेला, तर त्याला काम परत मिळते, पण ज्येष्ठता परत मिळत नाही.

एस.टी. संप : परतीचे एक उदाहरण

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून एस.टी. हे ग्रामीण महाराष्ट्राचे मुख्य वाहन राहिले. चंद्रपूर विभागातील राजुरा आगाराच्या गाड्यांवर गडचांदूर, कोरपना, जिवती या भागांतील विद्यार्थी व कामगार अवलंबून असतात. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, या मागणीसाठी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप नोव्हेंबरमध्ये राज्यभर पसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी शासनाने सेवाकालानुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. तथापि बहुसंख्य कर्मचारी विलीनीकरणाच्या मागणीवर ठाम राहिले.

या काळात महामंडळाने केलेली कारवाई वर सांगितलेल्या भेदांचे जणू प्रात्यक्षिकच होती. नियमित कर्मचाऱ्यांना प्रथम निलंबित करण्यात आले व पुढे बडतर्फीच्या नोटिसा व आदेश निघाले. रोजंदार कर्मचाऱ्यांची सेवासमाप्ती झाली. एकाच आगारात एकाच संपात सहभागी झालेल्या दोन कर्मचाऱ्यांची कायदेशीर स्थिती त्यामुळे वेगवेगळी झाली.

समितीने विलीनीकरणाची शिफारस केली नाही व मार्च २०२२ मध्ये तिचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. त्यानंतर ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. मुदतीत रुजू होणाऱ्यांना, त्यांच्यावर बडतर्फीची कारवाई झालेली असली तरी, कामावर घ्यावे व त्यांची उपजीविका हिरावून घेऊ नये, अशी न्यायालयाची भूमिका होती. मुख्य मागणी मान्य न होताही हजारो कर्मचारी सेवेत परतले. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिल रोजी, मुंबईत 'सिल्व्हर ओक' निवासस्थानासमोर झालेल्या आंदोलनाच्या प्रकरणात ज्यांच्यावर कारवाई झाली, त्या ११८ कर्मचाऱ्यांच्या परतीचा निर्णय मात्र राज्यात सत्तांतर झाल्यानंतर, ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला.

या प्रकरणातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, सामूहिक कारवाईत परतीची वाट बहुधा सामूहिक तोडग्यातून निघते. दुसरी, परतीला मुदत असते आणि ती टळल्यास संरक्षण संपते. तिसरी, संपात सहभाग आणि फौजदारी स्वरूपाचा आरोप यांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते.

इतिहासातील तुलना

मे १९७४ मधील देशव्यापी रेल्वे संपात हजारो कर्मचाऱ्यांनी नोकऱ्या गमावल्या. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आल्यावर रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या कार्यकाळात त्यांना सेवेत परत घेण्यात आले. याउलट १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील फार मोठ्या संख्येला गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले आणि त्यांच्या पुनर्नियुक्तीवरही बंदी घातली. ती बंदी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये उठविली. बारा वर्षांनंतर अर्ज करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा अनेकांचे वय व कौशल्य मागे पडले होते. पात्रता परत मिळणे आणि नोकरी परत मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

कायदेशीर मार्ग व मुदती

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुन्या कायद्यात वैयक्तिक बडतर्फीचा वाद उपस्थित करण्यास तीन वर्षांची मुदत होती. नव्या संहितेत समेट कार्यवाहीसाठी ती दोन वर्षांवर आली आहे. समेट न झाल्यास संबंधित पक्ष स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. बडतर्फी अन्यायकारक आढळल्यास ती रद्द करण्याचा अथवा सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे.

कामगारकपात झालेल्यांसाठी संहितेत स्वतंत्र तरतूद आहे. कपातीपासून एक वर्षाच्या आत मालकाने नवी भरती करावयाचे ठरविल्यास कपात झालेल्या व पुन्हा काम करण्यास तयार असलेल्या कामगारांना इतरांपेक्षा अग्रक्रम द्यावा लागतो. जुन्या कायद्यात या अग्रक्रमास अशी वर्षाची मर्यादा नव्हती. म्हणून कपात झालेल्याने आपली तयारी लेखी कळवून तिची पोच जपून ठेवणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम हा आणखी एक मार्ग आहे. संहितेने रद्द केलेल्या केंद्रीय कायद्यांत या राज्य कायद्याचा समावेश नाही. त्याखालील तक्रारीस ९० दिवसांची मुदत आहे. मात्र आपल्या उद्योगासाठी समुचित शासन केंद्राचे की राज्याचे, हे सिमेंट व खाण कामगारांनी प्रथम निश्चित करून घेतले पाहिजे. चुकीच्या दारात घालविलेले महिने योग्य दाराची मुदत संपवितात.

शिक्षकांची स्थिती

शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे आपल्या व्यवसायास वेगळे मार्ग आहेत. खाजगी शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांसाठी १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरण, तर संलग्न महाविद्यालयांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खालील न्यायाधिकरण आहे. दोन्हीकडे अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे.

या संदर्भात तत्कालीन औरंगाबाद येथील एका प्राथमिक शिक्षिकेचे प्रकरण मार्गदर्शक आहे. २००७ मध्ये तिची सेवा संपविण्यात आली. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये थकीत वेतनासह पुनर्स्थापनेचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने वेतनाचा भाग रद्द केला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ववत केला. बेकायदा बडतर्फी सिद्ध झाल्यास सेवेची अखंडता व थकीत वेतनासह पुनर्स्थापना हा सामान्य नियम होय, असे न्यायालयाने म्हटले. मात्र आपण मधल्या काळात अन्यत्र लाभदायी नोकरीत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने सांगितले पाहिजे. त्यानंतर विरुद्ध बाजू सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

तासिका तत्त्वावरील अध्यापक या संरक्षणाच्या काठावर उभे असतात. त्यांना कोणी काढत नाही. पुढील सत्राचे नियुक्तिपत्र येत नाही, एवढेच. आव्हान देण्यासाठी आदेशच नसतो आणि म्हणून परतीचा अधिकारही निर्माण होत नाही. आपल्या विभागाविभागांत हा वर्ग असताना या विषयाकडे 'कामगारांचा प्रश्न' म्हणून पाहणे योग्य नाही.

कायदेशीर हक्क नसताना

मुदत संपली असेल किंवा शिक्षा कायम झाली असेल, तरी खाजगी मालकाकडे पुनर्नियुक्तीचा अर्ज करण्यास साधारणतः बंदी नसते. अशा अर्जाचा निर्णय मालकाच्या विवेकावर अवलंबून असल्याने त्याची मांडणी दाव्यासारखी न करता वस्तुस्थितीच्या निवेदनासारखी करावी. सेवासमाप्तीचा दिनांक व नमूद कारण, त्यानंतरचे काम, फौजदारी प्रकरण असल्यास निर्दोष मुक्ततेची प्रत आणि ज्या त्रुटीवरून कारवाई झाली ती दूर झाल्याचा पुरावा, एवढे पुरेसे असते. पूर्वीची बडतर्फी दडवू नये. अर्जात विचारलेली माहिती लपविणे हेच पुढे सेवा संपविण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते. तसेच अंतिम हिशेबाच्या कागदावर 'कोणताही दावा शिल्लक नाही' असे वाक्य असल्यास त्यावर सही करण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

निष्कर्ष

१. पुनर्नियुक्तीची पात्रता मुख्यतः सेवासमाप्तीच्या आदेशातील शब्दांवर ठरते. म्हणून आदेशाची प्रत मिळविणे व ती नेमकेपणाने वाचणे ही पहिली पायरी होय.

२. ३० दिवस, ९० दिवस, एक वर्ष व दोन वर्षे या मुदती वेगवेगळ्या वर्गांना लागू होतात. हक्क बहुधा गुणवत्तेअभावी नव्हे, तर मुदतीअभावी गमावले जातात.

३. परत येताना पुनर्स्थापना की नवी नियुक्ती, हे लेखी निश्चित करून घेणे आवश्यक आहे.

४. न्यायालयाबाहेरील तोडगा व शासनाची भूमिका यांचा प्रभाव १९७७ आणि २०२२ या दोन्ही प्रसंगी निर्णायक ठरला; परंतु एकट्या कर्मचाऱ्याला त्याचा भरवसा धरता येत नाही.

५. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या मर्यादित रोजगाराच्या जिल्ह्यांत महाविद्यालयांनी या मुदती व मार्गांची माहिती देणारे साधे मार्गदर्शन केंद्र चालविल्यास ती खरी विस्तारसेवा ठरेल. आपल्या वर्गात बसणारे बहुसंख्य विद्यार्थी याच कारखान्यांत, खाणींत आणि आगारांत काम करणाऱ्यांची मुले आहेत. घरात आलेला बडतर्फीचा कागद वाचून दाखविण्याची जबाबदारी बहुधा त्यांच्यावरच येते.