सप्ताहक्रमांक

सप्ताहक्रमांक : वर्षारंभापासून मोजले असता एखादा दिनांक कितव्या आठवड्यात येतो, हे दर्शविणारा पूर्णांक. पर्जन्यमान, पेरणी, रोगसर्वेक्षण इत्यादींच्या नोंदी दिवसवार ठेवल्यास फार विस्तृत आणि महिनावार ठेवल्यास ढोबळ होतात. म्हणून सप्ताह हे मधले परिमाण सोयीचे ठरते. तथापि वर्षात ५२ आठवडे होऊन एक दिवस (लीप वर्षी दोन) शिल्लक उरतो. हा शेष कोठे सामावून घ्यावयाचा, यावरून गणनेच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या आहेत.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ (१९८८) यानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातील पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो, तो पहिला सप्ताह होय. त्यामुळे काही वर्षांत ५३ सप्ताह पडतात, उदा., २०२० व २०२६. १ जानेवारी २०२७ हा दिनांक २०२६ च्या ५३ व्या सप्ताहात मोडतो.

भारतात कृषिहवामानविषयक अभ्यासात मानक हवामान सप्ताह वापरतात. त्यांचा वाराशी संबंध नसतो. १ ते ७ जानेवारी हा पहिला सप्ताह असून २४ ते ३१ डिसेंबर हा ५२ वा सप्ताह आठ दिवसांचा असतो. लीप वर्षी २६ फेब्रुवारी ते ४ मार्च हा नववा सप्ताहही आठ दिवसांचा धरतात. परिणामी प्रत्येक सप्ताहाचे दिनांक दरवर्षी जवळजवळ तेच राहतात व अनेक वर्षांच्या पावसाची तुलना करता येते.

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये दिनांक क्रमसंख्येच्या रूपात साठविला जातो. ‘वीकनम’ या फलनास केवळ दिनांक दिल्यास आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारीचा आठवडा पहिला मानला जातो. दुसरे पद २१ दिल्यास आयएसओ क्रमांक मिळतो. २०१३ च्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘आयएसओवीकनम’ हे स्वतंत्र फलन आहे. मानक हवामान सप्ताह यांपैकी कोणत्याही फलनाने मिळत नाही. त्यासाठी दिनांकातून मागील वर्षाचा ३१ डिसेंबर वजा करतात. लीप वर्षी फेब्रुवारीनंतरच्या दिनांकासाठी आणखी एक वजा करतात. बाकीला ७ ने भागून अपूर्णांक आल्यास पुढील पूर्णांक घेतात व ५३ आल्यास ५२ धरतात. १३ जून २०२१ या दिनांकासाठी साधे ‘वीकनम’ २५, आयएसओ पद्धती २३ आणि मानक हवामान पद्धती २४ असे उत्तर देते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हा फरक क्षुल्लक नसतो. रब्बी ज्वारीच्या पेरणीस साधारणतः १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य मानतात. हे दिनांक अनुक्रमे ३७ व्या व ४२ व्या मानक सप्ताहांत येतात. पावसाची नोंद एका पद्धतीने व पेरणीची दुसऱ्या पद्धतीने केली असल्यास पेरणीनंतर पडलेला पाऊस कागदावर तिच्या आधीचा दिसतो आणि ओलाव्याचा अंदाज चुकतो. म्हणून नोंदीत मूळ दिनांक कायम ठेवून सप्ताहक्रमांकाबरोबर वर्ष व गणनापद्धती यांचाही उल्लेख करणे आवश्यक असते. ३-६-२०२१ ही नोंद संगणकाने ३ जून अशी वाचली की ६ मार्च अशी, हेही आधी तपासावे लागते.