खडकीची खानेसुमारी

१८१७ सालच्या ५ नोव्हेंबरच्या लढाईमुळें खडकीचें नांव शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. पुढें तेथें छावणी झाली, १८६९ त दारूगोळ्याचा कारखाना निघाला व त्याबरोबर कामकऱ्यांचीं बिऱ्हाडें आलीं. पण आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों तें निराळ्या कारणानें. २००१ च्या खानेसुमारींत खडकी छावणीची वस्ती ७६,६०८ होती. २०११ त ती ७१,७८१ भरली. याच दहा वर्षांत पुणें महानगरपालिकेची वस्ती २५ लाखांवरून ३१ लाखांवर, आणि पलीकडच्या पिंपरी-चिंचवडची १० लाखांवरून १७ लाखांवर गेली. लोकसंख्या वाढते ती पाळण्यामुळेंच, असें जे सरसकट बोलतात त्यांनीं हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.

पाळण्याची गोष्ट प्रथम पाहूं. आपल्या पणज्यांस आठ-आठ, दहा-दहा अपत्यें होत. त्यांतलीं किती हातीं लागत, हें ज्यानें त्यानें आपली वंशावळ काढून पाहावें. पटकी, देवी, १८९७ चा पुण्यांतील प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा! १९११ सालीं देशाची वस्ती सुमारें २५.२ कोटि होती, ती १९२१ त वाढण्याऐवजीं किंचित् घटलीच. त्यानंतर मात्र १९५१ त ३६ कोटि व २०११ त १२१ कोटि! जन्म वाढले म्हणून हें झालें नाहीं. यमराजाचा हात आंखडला म्हणून झालें. यास आपत्ति म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९२१ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. नोकरी गेली, खटले झाले, दंड भरावा लागला. सभ्य घरांत त्यांचें नांव मोठ्यानें घेत नसत. पुढें शकुंतलाबाई परांजपे यांनीं पुण्यांत हेंच कार्य वर्षानुवर्षें केलें. त्यांस १९९१ त पद्मभूषण मिळालें. आज त्यांचें म्हणणें कोणी न सांगतां घरोघर मान्य झालें आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण १.७ आढळलें; वस्ती आहे तेवढी राहण्यास तें २.१ लागतें.

मग पुण्याभोंवतीं ही दाटी कशाची? ती पोटासाठीं गांव सोडणाऱ्यांची आहे. आणि दुसरें एक कारण, जें आम्हांस अधिक टोंचतें, तें आपल्याच घरांत आहे. वीस माणसांच्या वाड्यास एक चूल, एक बंब व एक हौद पुरे. तींच वीस माणसें पांच बिऱ्हाडांत विभागलीं कीं पांच स्वयंपाकघरें, पांच न्हाणीघरें आणि पांच दिवाणखाने होतात. माणूस एकहि वाढला नाहीं, तरी जागा, वीज व पाणी यांचा खर्च वाढला! सुनांच्या कष्टांवर उभी असलेली ती काटकसर परत यावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु हिशेबांत ती धरली पाहिजे.

पाण्याचा हिशेब तर उघडच आहे. गेल्या शतकाच्या आधींच, १८७९ च्या सुमारास, पुरें झालेलें खडकवासल्याचें धरण पुणें व खडकी यांस पाणी आणि शेतास कालवा देण्यासाठीं होतें. तेव्हां छावणी धरूनहि पुण्याची वस्ती दीड लाखाच्या आंत-बाहेर होती. पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें झालीं. चारींची मिळून सांठवण सुमारें २९ अब्ज घनफूट आहे. याच पाण्यावर मुठेचा कालवा दौंड-इंदापुराकडे जातो. म्हणून ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो, त्या वर्षीं शहराच्या नळास किती व कालव्याच्या आवर्तनास किती, असा वाद उभा राहतो. आणि शहराचा नळ एक दिवसाआड झाला तरी त्याची बातमी होते, पण इंदापुराकडचें आवर्तन चुकलें तर ऊंस उभा वाळतो व ज्याचा वाळतो तो पुढच्या वर्षीं आपला मुलगा पुण्यास धाडतो.