पुन्हा उभे राहणाऱ्या सभासदाची वही

महानगरपालिकेचा जुना सभासद दुसऱ्या मुदतीसाठी मत मागावयास दारी येतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक रंगीत कार्यअहवाल असतो. त्यात बसावयाची बाकडी, रस्त्यावरील कमानी, वाटलेल्या कापडी पिशव्या, आणि त्या प्रत्येकीवर त्याचे नाव. पुण्यात नगरसेवकांनी सुचविलेली अशी कामे ‘स’ यादीतून होतात. पैसा करदात्याचा, नाव मात्र सभासदाचे! एखाद्या मुनिमाने धन्याच्या गल्ल्यातून गिऱ्हाइकांस पेढे वाटावेत आणि दिवाळीस त्याच कामगिरीवर पगारवाढ मागावी, त्यातलाच हा प्रकार. अशा मुनिमास काय विचारावयाचे हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे नको. ते म्हणतील, आधी वही आण.

सभासदाची वही म्हणजे सभागृहात त्याने दिलेले मत. आयुक्त अंदाजपत्रक तयार करितात, ते १६ जणांच्या स्थायी समितीपुढे जाते, आणि शेवटी मुख्य सभेत मंजूर होते. मोठमोठे ठेकेही स्थायी समितीतच संमत होतात. नळास पाणी किती दाबाने यावे, कचरा कोठे जावा, मिळकतकर किती असावा, हे सारे तेथे ठरते, बाकड्यावर नव्हे. तेथे हे गृहस्थ काय बोलले, कोणत्या ठरावास त्यांनी हात वर केला आणि कोणत्या वेळी ते बाहेर चहा घेत उभे होते, हे अहवालाच्या कोणत्याच पानावर नसते.

याच पुणे नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे, म्हणून त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव पुढे आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे पडले. आणि बत्तीस नियुक्त सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. त्यांचे सभासदत्व लोकांच्या मतावर नव्हे, सरकारच्या नेमणुकीवर अवलंबून होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याच्या हाती आपली पुढील मुदत, त्याच्याच पाहुण्याच्या सत्कारास त्यांनी नकार दिला. आजच्या सभासदास मत देणारे आपण आहो, तरी आपणास त्याच्या एका मताचीही माहिती नसते.

ही वही मागणेही आता सोपे राहिलेले नाही. पुण्यात २००२ साली एका प्रभागास तीन सभासद होते, २००७ साली एक, २०१२ साली दोन आणि २०१७ साली चार. मुंबईत आजही २२७ प्रभाग व प्रभागास एकच सभासद. पुण्यात मात्र ४१ प्रभागांतून १६५! नाला तुंबला की चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवितो, आणि रस्ता झाला की चौघांचे चार फलक लागतात. त्यातच प्रभाग स्त्रियांसाठी राखीव झाला, की पतिराज पत्नीस उभी करून कारभार आपल्याच हाती ठेवितात. निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या याचा आम्हांस आनंद आहे. पण सभागृहात ज्या बाईंनी बोलावयाचे, त्यांच्या फलकावर नवऱ्याचे छायाचित्र मोठे का, हे कोणी तरी विचारावयास हवे.

याहून मोठा घोटाळा मधल्या काळाचा. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. पुण्याच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी, तीही सर्वोच्च न्यायालयाने बजाविल्यावर. मधली सुमारे पावणेचार वर्षे अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडिले व प्रशासकानेच मंजूर केले. परिणाम असा, की जुने सभासद पुन्हा मत मागावयास आले तेव्हा चांगले झाले ते आपल्या पाठपुराव्याने, वाईट झाले ते प्रशासकाच्या राजवटीत, असे म्हणण्यास त्यांस मोकळीक मिळाली. नऊ वर्षांपूर्वी निवडलेल्या माणसाने २०१८ साली काय केले हे २०२६ साली किती मतदारांस आठवत असेल?

नव्या सभेत काही जुने चेहरे आहेत, काही नवे. यांतील बहुतेक पुढेही पुन्हा मत मागावयास येतीलच. तेव्हा प्रत्येक पेठेतील व्यापारी मंडळाने व वाचनालयाने आपल्या प्रभागातील सभासदांच्या नावे आतापासूनच एक वही घालावी, असे आम्ही सुचवितो. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सभेचे इतिवृत्त मागता येते. त्यातून हजेरी, प्रश्न व मत एवढे तीनच रकाने भरावेत. कार्यअहवाल छापण्याचे सभासदांस अखेरच्या वर्षी सुचेल. स्थायी समिती मात्र दर आठवड्यास भरावयाची असते.