पेन-ड्राइव्ह जोडण्याचा अधिकार कोणास?

वाटूरसारख्या गांवीं एखादा कागद छापून आणावयाचा म्हटलें कीं, पेन-ड्राइव्ह खिशांत घालून दुकानीं जावें लागतें. तेथील संगणकाचा संसर्ग घेऊन तोच घरच्या यंत्रास येऊन लागतो. 2010 सालीं उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा उपद्रवी प्रोग्रॅम इराणांतील नतांझच्या यंत्रांपर्यंत पोंचला, त्याचें एक प्रमुख वाहन हीच चिमुकली वस्तु होती. तेव्हां तिला आंत घेण्याचा अधिकार कोणाचा, हें गृहस्थानें ठरविलेंच पाहिजे.

येथें लिनक्सपुरतेंच बोलतों. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली त्यांतलीच. पेन-ड्राइव्ह खांचेंत बसविला तरी त्यावरील फाइली एखाद्या निर्देशिकेस जोडाव्या लागतात. यास 'माउंट' करणें म्हणतात. पूर्वीं हा अधिकार बहुधा यंत्राच्या कुलमुखत्यारास, म्हणजे 'रूट'लाच असे. आतां 'यूडिस्क्स' हा सेवक जोडणी करतो आणि 'पोलकिट' हा द्वारपाल अनुमति देतो. यंत्रासमोर बसलेल्यास बाहेरचा पेन-ड्राइव्ह जोडण्यास सामान्यतः परवलीचा शब्द लागत नाहीं. दुरून प्रवेश केलेल्यास, अगर आंतील कायमची डिस्क जोडूं पाहणारास तो लागतो.

हा भेद न कळल्यामुळें पुष्कळ घरीं मुलांस कुलमुखत्याराचाच शब्द सांगून टाकतात. एक वही हवी म्हणून तिजोरीसकट सारा जुडगा हातीं द्यावा, तसला हा प्रकार! प्रत्येकाचें खातें निराळें असावें. मग पेन-ड्राइव्ह जोडणाराच्याच नांवाच्या निर्देशिकेंत उघडतो, आणि दुसऱ्यास तो सोडवावयाचा झाल्यास कुलमुखत्याराची अनुमति लागते. लहान मुलांस अधिकार मुळींच द्यावयाचा नसेल, तर त्यांचा गट करून त्या गटास नकार देणारा नियम पोलकिटमध्यें लिहावा.

नेहमींच्या एखाद्या डिस्कसाठीं 'एफएसटॅब' या फाइलींत ओळ घालतां येते. तेथें 'यूजर' लिहिलें कीं कोणीही जोडूं शकतो, पण रूटखेरीज फक्त जोडणारासच सोडवितां येतें. 'यूजर्स' झालें कीं कोणासही. एका अक्षराचा महिमा पाहून वैयाकरणही संतोष पावेल. या दोन्ही शब्दांसवें 'नोएक्झेक' ही अट आपोआप येते, म्हणजे डिस्कवरील प्रोग्रॅम थेट चालत नाहींत. यूडिस्क्स ही अट सहसा स्वतः लावीत नाहीं. म्हणून परक्या पेन-ड्राइव्हवरील अनोळखी फाइलीवर टिचकी मारण्यापूर्वीं ती कसली आहे हें अवश्य पाहावें.

लिहिलेला मजकूर कांहीं क्षण स्मृतींतच थांबलेला असतो. सबब आधीं 'अनमाउंट' करावें, आणि मगच पेन-ड्राइव्ह उपसावा.