परदेशात शिकणारी मुलं आपलं दुकान कसं शोधतात?

जून संपत आला की माझ्या दुकानात एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागतं. आई, बाबा आणि परदेशी शिकायला निघालेला मुलगा किंवा मुलगी. हातात यादी असते: गोडा मसाला, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, कोकम. बॅगेची मर्यादा 23 किलो, त्यात कपडे आणि कुकर पण बसवायचा. अर्ध्या किलो भाजणीवरून मायलेकरांची तिथंच जुंपते.

हीच मुलं सुट्टीत परत आली की मी हमखास विचारतो, "तिकडं गेल्यावर पहिलं काय शोधलंस?" सिम कार्ड, आणि लगेच मॅपवर 'इंडियन स्टोअर', हे उत्तर ठरलेलं. आता खरी गंमत बघा. मोठ्या शहरात असं दुकान सापडतंही. तूरडाळ, बासमती, कणीक, मॅगी, सगळं मिळतं. गरम मसाल्याचे पाच ब्रँड असतात. गोडा मसाला मात्र बऱ्याचदा नसतोच. म्हणजे भारतातलं दुकान सापडलं, पण घराजवळचं नाही सापडलं. आपल्यासारख्यांचा धंदा याच फटीत आहे.

ही फट एका विद्यार्थ्यालाच आधी दिसली होती. मफत पटेल 1968 मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातून एमबीए करायला अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठात गेले. तेव्हा तिकडं डाळ-मसाले मिळवणं हेच मोठं काम होतं. 1974 मध्ये पटेल कुटुंबानं शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर एक छोटं किराणा दुकान सुरू केलं. तेच आजचं 'पटेल ब्रदर्स'. अमेरिकेत आता त्यांची पन्नासहून जास्त दुकानं आहेत. मला आवडतं ते हे, की किराण्यासोबत त्यांनी त्याच भागात कपडे, भांडी आणि विमानाची तिकिटंही विकली. डाळ घ्यायला आलेल्या माणसाला आणखी काय लागतं, हे त्यांनी ओळखलं.

आता लगेच "सर, मी पण शिकागोत दुकान टाकतो" असं म्हणू नका! भाडं, व्हिसा, पगार... तो खेळ वेगळा आहे. तुम्ही त्या दुकानाच्या फळीवरचं पाकीट व्हा. गिऱ्हाईक तिकडं वाढतंय. 2023-24 च्या हिवाळी सत्रात एकट्या जर्मनीत 49 हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमधला सगळ्यात मोठा गट.

चव तुमच्याकडे आहेच, पण माल अडतो तो लेबलवर. गोड्या मसाल्यात तीळ असतात. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा ॲलर्जीच्या मुख्य पदार्थांच्या यादीत नववा आहे, लेबलवर तो स्पष्ट लिहावाच लागतो. युरोपात अशी 14 पदार्थांची यादी आहे. त्यात तीळ आहेत, शेंगदाणे आहेत आणि आपल्या लोणच्यातली मोहरीसुद्धा आहे. हिंगाचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे ग्लुटेन आलं. 'घरगुती मसाला, सर्व शुद्ध पदार्थ' एवढं छापून चालत नाही. प्रत्येक पदार्थ लिहायचा, वजन लिहायचं, तारीख लिहायची. माल जहाजानं जातो, त्यात आठवडे जातात. दोन महिन्यांत खवट होणारी शेंगदाणा चटणी त्या फळीवर टिकणार नाही. भाजणी, मेतकूट, मसाला यांपासून सुरुवात करा.

दुधाच्या पदार्थांच्या नादी सुरुवातीला लागूच नका. युरोपीय संघात प्रवाशाला आपल्याकडून पेढे, बर्फी, तूप सामानात नेता येत नाही. तुमच्या दुकानातून कोणी जर्मनीसाठी पेढे घेत असेल, तर त्याला आधीच सांगा. शंभर रुपयांची विक्री बुडेल, पण विमानतळावर त्याचा पेढा कचऱ्यात गेला तर तो तुमचं नाव घेऊन चिडेल.

कागदपत्रांत स्वतः निर्यात करायची तर डीजीएफटीचा आयईसी कोड आणि एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स लागतं. पहिल्याच वर्षी हा सगळा व्याप नको असेल, तर मर्चंट एक्सपोर्टरला माल द्या. मार्जिन कमी मिळतं, पण कंटेनर भरायची चिंता त्याची.

आणि सुरुवात तर उद्याच, एक रुपया न घालता होते. परदेशी निघालेलं मूल दुकानात आलं की त्याला 200 ग्रॅमची पाकिटं द्या, एक किलोचं नको. घट्ट सील, वर मराठी आणि इंग्रजीत नाव, मागं दोन ओळींत आमटीची कृती आणि तुमचा व्हॉट्सॲप नंबर. डिसेंबरात पाकीट संपलं की त्या नंबरवर मेसेज येतो, "दादा, हा मसाला इकडं कुठं मिळेल?" असे मेसेज शहराच्या नावासकट वहीत लिहून ठेवा. एकाच शहरातून पाच-सहा आले, की ती वही घेऊन एक्सपोर्टरकडं जायचं.

लेबल कसं भरायचं ते शनिवारच्या व्हिडिओत गोड्या मसाल्याचं पाकीट समोर ठेवूनच दाखवतो. तुमचं एखादं पाकीट जवळ घेऊन बसा.